आधी गोळ्यांचा डबा दाखवा, मग व्यायाम

मी नागपुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. महाल असो की मनीषनगर, चटई अंथरायच्या आधी गोळ्यांचा डबा मागते. घरच्यांना वाटतं, हिला काय करायचं गोळ्यांचं? पण मेंदूच्या आजारात पेशंटचा तोल आणि जोर गोळीच्या वेळेप्रमाणे बदलतो. म्हणून एक वही करा. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता घेतली आणि नंतर पेशंट कसा चालला, एवढंच लिहायचं.

पार्किन्सनच्या बऱ्याच घरांत लेव्होडोपाची गोळी असते, सिंडोपासारखी. घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात अंग मोकळं होतं आणि पुढचा डोस जवळ आला की पुन्हा आखडू लागतं. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं मोकळ्या वेळातच शिकायचं. सातची गोळी असेल तर मी आठला येते. "बाई, ऊन व्हायच्या आधी सहालाच या न जी," असं काकाजी म्हणतात. चालेल, पण मग डॉक्टरांना विचारून गोळी पाचला आणा. कूस बदलणं आणि पलंगावर उठून बसणं मात्र मी मुद्दाम आखडलेल्या वेळी करवून घेते, कारण रात्री बाथरूमला उठताना अंग तसंच असणार.

ही गोळी दुधासोबत देऊ नका. दूध, पनीर, अंडी, डाळ यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. तर्री पोह्यातले चणेही त्यातच आले. गोळी जेवणा-नाश्त्याच्या अर्धा तास आधी, पाण्यासोबत. मळमळत असेल तर एखादं साधं बिस्कीट चालतं.

आता बीपी. लेव्होडोपाने आणि कडकपणावरच्या टिझानिडीननेही उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर त्या दिवशी व्यायाम बसूनच, आणि आकडे डॉक्टरांना कळवायचे.

लकव्यानंतर पाय कडक झाला की बॅक्लोफेन देतात. सगळा कडकपणा वाईट, असं मी मानत नाही. काही पेशंट त्या आखडलेल्या पायाच्याच आधाराने उभे राहत असतात. डोस वाढला की गुडघा अचानक दुमडतो. गुंगीही येते. असं दिसलं तर डॉक्टरांशी बोला, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर झटके, भास, जोराचा ताप, काहीही होऊ शकतं. दिवाळीला गावी जाताना पुरेशा पट्ट्या घेऊन जा, तिथल्या मेडिकलवर भरवसा नको. कडक स्नायू सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल, तर त्याचा असर साधारण तीन महिने राहतो. स्ट्रेचिंग आणि स्प्लिंटचा, म्हणजे हातापायाला आधार म्हणून बांधायच्या साच्याचा, खरा फायदा त्याच काळात होतो.

उन्हाळ्यात मी दोन गोळ्या डब्यात खास शोधते. कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, आणि फिट किंवा मायग्रेनसाठीची टोपिरामेट. दोन्हींनी घाम कमी होऊ शकतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की अशा पेशंटचा व्यायाम सकाळी लवकर, कूलरसमोर आणि थोडा थोडा. अंग तापलेलं पण कोरडं, आणि माणूस बरळतोय, असं दिसलं की थांबा, ओल्या कपड्याने अंग पुसा, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

फिटसाठीची फेनिटॉइन, म्हणजे एप्टॉइन, घेणारा माणूस झोकांड्या खायला लागला, बोबडं बोलू लागला, तर तोलाचे व्यायाम वाढवून उपयोग नाही. रक्तातली औषधाची पातळी तपासायची का, ते डॉक्टरांना विचारा. कंप किंवा मायग्रेनसाठीची प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, त्यामुळे घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. व्यायाम करताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, तेवढाच जोर.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना ती वही न्या. "बरं आहे जी" यापेक्षा "दुपारी तीनला, गोळीच्या आधी, दारात पाय चिकटतो" हे ऐकून त्यांना डोस ठरवता येतो. आणि नवी गोळी लागली किंवा डोस बदलला, की पहिले काही दिवस जिना एकट्याने चढू देऊ नका, आणि मला त्याच दिवशी फोन करा.