मांजर ट्रे सोडून गादीवर शू करतंय? मग या चुका टाळा

कालपर्यंत शहाण्यासारखं ट्रेमध्ये जाणारं मांजर अचानक गादीवर, पायपुसण्यावर नाहीतर धुवायला काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर शू करायला लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मुद्दाम करतंय हे, काल ओरडले ना मी त्याला म्हणून." आणि इथूनच सगळं चुकायला लागतं, कारण एकदा मुद्दाम करतंय असं ठरलं की कारण कोण शोधतंय, सगळे शिक्षाच शोधायला लागतात. मांजराला खुन्नस-बिन्नस काही कळत नाही हो. त्याला कुठेतरी दुखतंय, कशाची तरी भीती बसलीय किंवा तो ट्रेच आवडत नाहीये, या तीनपैकी एक असतं (कधीकधी तिन्ही). आणि यातलं नेमकं कुठलं हे बऱ्याचदा ते कुठे करतंय, कसं बसून करतंय आणि किती करतंय एवढं नीट बघितलं तरी अर्धं कळतं.

"दोन दिवस बघू, होईल बरं"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, त्यातही घरात बोका असेल तर. दिसतं असं: बोका ट्रेमध्ये जातो, उकरतो, पाठ गोल करून बसतो, जोर लावतो, उठतो, परत दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि नंतर आपण बघावं तर लिटर (ट्रेमध्ये घालतात ती वाळू) कोरडं ठणठणीत किंवा फार तर नाण्याएवढा ओला गोळा. मग तो बाहेर येऊन जमिनीवर बसून बघतो, बेसिनमध्ये बघतो, मध्येच वेगळ्याच आवाजात ओरडतो, सारखा खाली चाटत बसतो. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, कोणीतरी एरंडेल सुचवतं. पण लघवी तुंबलेली असते. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की सगळं मागे साठतं, किडनीवर ताण येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो, म्हणून "उद्या सकाळी दवाखाना उघडला की नेऊ" हे इथे चालत नाही, त्याच रात्री न्यायचं. तुमच्या भागात रात्री चालू असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला ते आजच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा, बोका कण्हत असताना गूगल करत बसू नका.

आणि हो, घरातली माणसांची पेनकिलर अजिबात नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा घातक ठरू शकते. पोट दाबून बघायचा प्रयोगही करू नका.

भाटी असेल तर नळी पूर्ण तुंबण्याचा धोका कमी, पण मूत्राशयाला सूज येणं तिलाही होतं. थोडी-थोडी, वारंवार, आणि बहुतेक वेळा थंड गुळगुळीत जागी म्हणजे फरशी, बेसिन, बाथरूमची जाळी. पांढऱ्या टाइल्सवर गुलाबी छटा दिसली तर रक्त आहे, फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ही सूज कित्येकदा इन्फेक्शनमुळे नसतेच, टेन्शनमुळे येते, म्हणून नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागत नाही. लघवी आणि सोनोग्राफी दोन्ही तपासून घेतलेलं बरं. वय झालेल्या मांजराचं उलटं असतं, गोळे मोठे-मोठे आणि जास्त व्हायला लागतात, पाणीही खूप पितं, तिथे किडनी, डायबेटीस, थायरॉइड बघावं लागतं. आणि म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात, उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय उचलून जाणं त्याला नको वाटतं एवढंच साधं कारणही निघतं.

फवारा आणि शू एकच समजणं

मांजर उभं, शेपटी वर आणि थरथरतेय, भिंतीवर नाहीतर पडद्यावर मागून थोडासा फवारा, हे हद्द आखणं झालं. बसून, आडव्या जागेवर, भरपूर, ही शू. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक इथे हमखास गोंधळतात. नसबंदी न झालेला बोका फवारे मारत असेल तर दहा ट्रे आणले तरी काही होणार नाही, ऑपरेशन करून घ्या. पाच-सहा महिन्यांचा असतानाच केलं तर उत्तम, नंतर केलं तरी दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं हे प्रमाण खूप कमी होतं किंवा बंदच होतं. उरलेल्यांमध्ये बाहेर बघा काय चाललंय. तळमजल्यावर राहत असाल आणि सोसायटीतला एखादा दांडगा बोका रोज खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसत असेल तर तुमचं मांजर त्याच खिडकीखाली आणि दारापाशी फवारे मारणार. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवून टाका, दिसलं नाही की अर्धं भांडण संपतं.

ट्रे आपल्या सोयीच्या जागी ठेवणं

आपल्या फ्लॅटमध्ये ट्रेची जागा ठरलेली, ड्राय बाल्कनी. तिथेच वॉशिंग मशीन. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंची मांजरी पाच वर्षं तिथेच जायची आणि अचानक हॉलमधल्या सोफ्याच्या मागे जायला लागली, काकूंनी लिटरचे ब्रँड बदलून पाहिले, ट्रे नवीन आणला, काही नाही. शेवटी लक्षात आलं की मशीन जुनं झालेलं, ड्रायर फिरायला लागला की अख्खं मशीन धडधडत पुढे सरकायचं आणि ट्रेला जाऊन टेकायचं. एकदा ती आत असताना तसं झालं असणार. ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात आल्यावर प्रश्न संपला, काकांची कुरकुर सुरू झाली तो भाग वेगळा.

म्हणजे जागा शांत हवी पण अगदी कोंडलेली नको, मांजराला दोन्हीकडून कोण येतंय ते दिसायला हवं. जेवणाच्या वाटीशेजारी तर नकोच. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, म्हणजे मांजरं अधिक एक, आणि तेही वेगवेगळ्या जागी, कारण तिन्ही शेजारी-शेजारी ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच ट्रे असतो आणि दादागिरी करणारं मांजर वाटेत नुसतं आडवं पडून राहिलं तरी दुसऱ्याची पंचाईत होते. हे भांडण आवाज न करता चालतं, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही.

साइजबद्दल माझं मत ठाम आहे, दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत मांजर मोजा, त्याच्या दीडपट लांब ट्रे हवा. हार्डवेअरच्या दुकानातलं मोठं प्लास्टिकचं घमेलं घ्या, स्वस्तात मस्त, धुवायलाही सोपं. झाकणवाले बॉक्स दिसायला छान, पण आतला वास आतच कोंडतो आणि मे महिन्यात मांजराला ते एसटी स्टँडच्या संडासात गेल्यासारखं वाटत असणार.

लिटर एका रात्रीत बदलणं

स्वस्त मिळालं, ऑफर होती म्हणून बेंटोनाइटवरून (मातीचं लिटर) एकदम टोफूवर (सोयाबीनपासून केलेलं) किंवा लाकडाच्या पेलेट्सवर गेलात की काही मांजरं सरळ संप करतात. त्यांना पायाखाली बारीक, मऊ, वाळूसारखं आवडतं. 1947 मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लो नावाच्या माणसानं पहिल्यांदा मांजरांसाठी जे विकलं तीही साधी शोषून घेणारी मातीच होती, आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्या जातीची. बदलायचंच असेल तर जुन्यात थोडं-थोडं नवीन मिसळत दीड-दोन आठवडे जाऊ द्या. लॅव्हेंडर, लेमन असले वासाचे प्रकार आपल्या नाकासाठी असतात, मांजराच्या नाही. थर दोन-तीन इंच पुरे. दिवसातून दोनदा गोळे काढा, आणि काढताना किती आहेत, केवढे आहेत यावर नजर ठेवा, आजाराची पहिली खबर तिथेच मिळते.

पावसाळ्यात बाल्कनीतलं लिटर हवेतली ओल धरतं, चिखल होतो, वास मारतो. जूनमध्ये ट्रे आत घ्या. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू कुंडीतच जात असेल तर त्याला मातीचीच सवय आहे, ट्रेमध्ये वरून थोडी कुंडीतली माती भुरभुरा आणि कुंडीवर मोठे गोटे लावा.

फिनाईल ओतणं

गादीवर शू केली की आपण धावत जाऊन फिनाईल नाहीतर डेटॉल टाकतो. दोन्हींतली रसायनं मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, ते पंजे चाटतं आणि पोटात जातं. अमोनियावाले क्लीनर तर अजून वाईट, शूमध्येही अमोनियाचाच वास, म्हणजे तुम्ही स्वतःच बोर्ड लावला की इथे करा. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. टिश्यूनं दाबून-दाबून सगळं टिपून घ्या, घासू नका, मग पेट शॉपमध्ये मिळणारा एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ मुरू द्या आणि हवेवर वाळू द्या. वरवर फवारून पुसलं तर गादीत आतपर्यंत मुरलेला वास तसाच राहतो, आपल्याला येत नाही, त्याला येतो. जुने डाग सापडत नसतील तर ऑनलाइन यूव्ही टॉर्च मिळतो, रात्री दिवे बंद करून फिरवा, डाग चमकतात. फार आनंद होईल असं नाही.

नाक घासणं, ओरडणं

जुन्या लोकांचा हा आवडता उपाय. मांजर यातून एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते कपाटामागे जाऊन करतं आणि तुम्हाला चार दिवसांनी वासावरून कळतं. दिवाळीत फटाक्यांनी, घरात पाहुणे आल्यानं, रंगकाम काढल्यानं आधीच बिचकलेलं असेल तर त्यात तुमचा आवाज अजून भर.

तपासणीत सगळं नॉर्मल आलं आणि तरी जात नसेल तर काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवा, नवा ट्रे, पाणी, खाणं, झोपायची जागा सगळं तिथेच पण ट्रेपासून लांब. दुखण्याच्या काळात वापरलेला जुना ट्रे पुन्हा देऊ नका, तिथे गेलं की दुखतं असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाला, पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा. जिथे वारंवार करतं ती जागा नीट साफ झाल्यावर तिथेच त्याची खायची वाटी ठेवली तर बरीच मांजरं ती जागा सोडतात. जेवणात ओलं खाणं वाढवा, नुसत्या ड्राय फूडवर असलेल्या मांजराच्या पोटात एकूण पाणी कमी जातं आणि लघवी घट्ट होते.

आता काही मांजरं बाथरूमच्या जाळीवरच जातात आणि घरातले खूशही असतात, पाणी ओतलं की काम झालं. तुम्हाला चालत असेल तर माझी हरकत नाही, फक्त ओतायच्या आधी रंग बघत जा आणि बाथरूमचं दार कोणी बंद करणार नाही एवढी काळजी घ्या.