प्रोजेक्टसाठी डिस्प्ले निवडताना

महापे एमआयडीसीतील नोकरी सांभाळून मी ऐरोली-ठाणे परिसरातील डिप्लोमाच्या मुलांना प्रोजेक्टमध्ये मदत करतो. रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक हाती आला की "सर, किती इंचाचा डिस्प्ले घेऊ?" हा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या मते इंचांचा विचार सर्वांत शेवटी करावा. काय दाखवायचे आहे आणि ते कोण, किती अंतरावरून वाचणार आहे, हे आधी ठरवले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

सोसायटीच्या टाकीतील पाण्याची पातळी दाखवायची असेल, तर 16 अक्षरांच्या दोन ओळींचा साधा एलसीडी पुरतो. आयटूसी मॉड्यूल (दोनच तारांवरून माहिती घेणारा जोडभाग) लावलेला घेतल्यास विजेच्या दोन तारा धरून चारच तारा लागतात. मात्र तो सहसा 5 व्होल्टवर चालतो आणि पायच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरची उपकरणे जोडायच्या पिना, 3.3 व्होल्टच्या असतात, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन वेगळ्या व्होल्टेजचे संकेत जुळवणारा छोटा बोर्ड) हवाच. डिस्प्लेचा दिवा लागूनही अक्षरे दिसत नसतील, तर मागच्या निळ्या प्रीसेटचा, म्हणजे अक्षरांचा ठळकपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, स्क्रू बारीक पेचकसाने हळूहळू फिरवून पाहावा. वरच्या ओळीत नुसते भरीव चौकोन राहिले, तर दोष बहुधा प्रोग्राममध्ये किंवा आयटूसीच्या पत्त्यात (प्रोग्राममध्ये दिलेल्या डिस्प्लेच्या ओळख क्रमांकात) असतो.

मुलांना मोह पडतो तो पिनांवर थेट बसणाऱ्या साडेतीन इंची रंगीत टचस्क्रीनचा. त्याचा हिशेब कागदावर मांडावा: 480 गुणिले 320 पिक्सेल, प्रत्येकी 16 बिट, म्हणजे एका चित्राला सुमारे साडेचोवीस लाख बिट, आणि पिनांवरून चित्र पाठवणाऱ्या एसपीआय या जोडणीचा वेग 32 मेगाहर्ट्झ धरला तरी सेकंदाला 13 चित्रांच्या पुढे मजल जात नाही. बटणे आणि आकडे यांसाठी हे ठीक आहे, व्हिडिओसाठी नाही. व्हिडिओ हवा असेल तर एचडीएमआय (टीव्हीला असते ती) किंवा डीएसआय (पायवरील डिस्प्लेसाठीची खास पट्टीची) जोडणीचाच डिस्प्ले घ्यावा.

तिथेही केबल पाहूनच पैसे मोजावेत. पाय 4 आणि 5 यांना मायक्रो एचडीएमआय लागते, पाय झीरोला मिनी. शिवाय पाय 5 वरील डीएसआयचा सॉकेट 22 पिनांचा असल्याने पाय 4 ची 15 पिनांची पट्टी त्यात बसत नाही. एका केबलपायी मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची दुसरी खेप कोणालाच नको असते.

दिवसातून मोजक्याच वेळा बदलणाऱ्या सूचनाफलकासाठी ई-पेपर, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा डिस्प्ले, उत्तम. वीज गेली तरी मजकूर टिकतो.

एसपीआयचा डिस्प्ले घेताना कंट्रोलर चिपचे (डिस्प्ले चालवणाऱ्या चिपचे) नाव दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे, कारण ड्रायव्हर, म्हणजे तो डिस्प्ले पायला ओळखू देणारे सॉफ्टवेअर, त्या नावावरूनच शोधावा लागतो.