'ॲट'चं एक मिनिट किती सेकंदांचं? या चुका टाळा

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एखाद्या अडत्याचं ऑफिस आहे. लिलाव आटोपला की भावांची फाईल सर्व्हरवर चढू लागते, त्याला चाळीसेक सेकंद लागतात. त्याच वेळी 'ॲट' या, दिलेल्या वेळी काम एकदा चालवणाऱ्या कमांडने 'ॲट नाऊ + १ मिनिट' (आत्तापासून एका मिनिटाने) असं लावलेलं काम ती यादी शेतकऱ्यांना मेसेजने पाठवतं. कधी पूर्ण यादी जाते, कधी शेवटचे संत्र्याचे भावच नसतात. मग खापर फुटतं नेटवर, नाहीतर उन्हाळ्यात तापलेल्या सर्व्हरवर.

आधी ॲटकडे पाहा. लिनक्सवरचं ॲट कामाची वेळ मिनिटांतच साठवतं, वरचे सेकंद कापून टाकतं. स्पूल फोल्डरमधल्या (जिथे लावलेली कामं साठतात) कामाच्या फाईलचं नाव बघा: शेवटचे ८ हेक्स (सोळाच्या पायावरचे) अंक म्हणजे १९७० पासूनची मिनिटं. सेकंदांना तिथे जागाच नाही. त्यामुळे १०:००:०२ ला लावलेलं काम १०:०१:०० ला, म्हणजे ५८ सेकंदांनी सुटतं आणि १०:००:५८ ला लावलेलंही १०:०१:०० लाच, अवघ्या दोन सेकंदांत! काम लावल्याबरोबर 'एटीक्यू' ही लावलेल्या कामांची यादी दाखवणारी कमांड चालवा. वेळेच्या शेवटी कायम ०० दिसेल.

लोक मग कामाच्या सुरुवातीला 'स्लीप ३०' (तीस सेकंद थांब) टाकतात. दोनाचे बत्तीस सेकंद होतात, फाईलला हवेत चाळीस. किमान एक मिनिट हवंच असेल तर '+ २ मिनिट' लिहा, काम ६० ते १२० सेकंदांच्या दरम्यान सुटेल. पण माझं मत विचाराल तर इथे घड्याळ हवंच कशाला? फाईल चढवणाऱ्या कमांडनंतर दोन अँपरसँड (&&) टाकून मेसेजची कमांड जोडा. फाईल नीट चढली तरच मेसेज जाईल.

नेमके सेकंदच हवे असतील तर 'सिस्टिमडी-रन' ही काम वेळेवर लावणारी दुसरी कमांड वापरता येते. तिथे वेगळी मेख आहे. 'ॲक्युरसी-सेक', म्हणजे वेळेत किती ढिलाई चालेल ते सांगणारं सेटिंग, मुळात १ मिनिटाचं असतं, म्हणून साठ सेकंदांनी लावलेलं काम त्यानंतरच्या मिनिटभरात केव्हाही सुटू शकतं. ते १ सेकंदावर आणा.

उशीर बरोब्बर अर्ध्या तासाचा दिसत असेल, तर भानगड वेगळी. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला की क्रॉनचं (ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा कामं चालवणाऱ्या सेवेचं) दर तासाच्या ठोक्याचं काम नागपुरात साडेच्या ठोक्याला होतं. 'टाइमडेटसीटीएल'ने टाइमझोन तपासा आणि बदललात तर क्रॉनची सेवा रीस्टार्ट करा.