नर्सिंगमध्ये शिकवायचंय, संशोधनही करायचंय? मग या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. वॉर्डात कूलर सुरू असतात, तरी पेशंटच्या हातावरची चिकटपट्टी घामाने सुटते आणि सलाईनची सुई हलते. हात सुजतो, सिस्टर दुसरी शीर शोधतात. माझी एमएससीची एक विद्यार्थिनी तीन आठवडे अशाच वॉर्डात होती. दिवसातून दोन-तीनदा सुई पुन्हा लावायची आणि संध्याकाळी हॉस्टेलवर बसून डेझर्टेशनचा, म्हणजे पदवीच्या प्रबंधाचा, विषय शोधायची. तिने आणलेला विषय असा होता: 'अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता'. ज्या प्रश्नावर ती दिवसभर घाम गाळत होती, तो तिला संशोधनाचा विषय वाटलाच नाही.

या क्षेत्रातली सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन एकाच माणसाच्या हातात राहावं, यालाच क्लिनिकल अकॅडेमिक करिअर म्हणतात. ब्रिटनमध्ये हॉस्पिटल आणि विद्यापीठ मिळून अशा जागा भरतात. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिका वॉर्डाचीही जबाबदारी घेतात. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या वाटा आहेत. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पुढे परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) आणि अधिसेविका (मेट्रन) होते, पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) प्राचार्यपदाकडे जाते. एकदा कॉलेजच्या इमारतीत गेलं की वॉर्ड सुटतो आणि त्याबरोबर तिथले प्रश्नही नजरेआड होतात.

चूक पहिली: एमएससी झाली म्हणजे वॉर्ड संपला

बीएस्सीनंतर एमएससीला प्रवेश घ्यायला वर्षभराचा अनुभव लागतो. अनेक जणी तो कागदापुरता घेतात आणि पदवी मिळताच ट्यूटर होतात. मी त्यांना सांगते की आठवड्यातला एक दिवस वॉर्डासाठी ठरवा. मेट्रन आणि प्राचार्य दोघांकडून तो लेखी मागा, तोंडी होकार पहिल्या परीक्षेच्या गडबडीतच विरून जातो. विद्यार्थिनींची हजेरी घ्यायला वॉर्डात जाणं यात मोजू नका. सकाळच्या ओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा) उभं राहायचं, दोन पेशंट स्वतः घ्यायचे, ड्युटी संपेपर्यंत थांबायचं.

चूक दुसरी: उत्तर आधीच माहीत असलेला विषय

साठ जणांना प्रश्नपत्रिका द्यायची, तासभर शिकवायचं, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात, पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१पेक्षा कमी येते, प्रबंध बांधून तयार. पण शिकवल्यावर गुण वाढणारच, आणि एकच पेपर दुसऱ्यांदा सोडवल्यानेही वाढणार. तुलनेला दुसरा गट नसेल तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येत नाही. शिवाय ज्ञान वाढलं म्हणजे वागणं बदललं असंही नाही. हात कधी धुवायचे हे प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ असतं, नाईटला चाळीस पेशंट असताना किती वेळा धुतले जातात हा वेगळा प्रश्न आहे.

चिकटपट्टीचाच प्रश्न घ्या. दोन प्रकारचं ड्रेसिंग निवडा. कोणाला कोणतं, हे बंद अपारदर्शक पाकिटातल्या चिठ्ठीवरून ठरवा. सकाळी एक आणि रात्री दुसरं असं केलंत तर ड्युटीचा फरक ड्रेसिंगच्या माथी बसेल. सुई किती तास टिकली ते लिहा. शिरेची सूज मोजायला व्हीआयपी स्कोअर आहे, सुईची जागा नुसती पाहून ० ते ५ गुण द्यायचे. २ झाला की सुई काढून जागा बदलायची. डेटा घेण्याआधी दोन सिस्टर्सना एकच हात एकमेकींना न विचारता पाहायला लावा आणि दोघींचे गुण जुळतात का ते 'कप्पा' (kappa, जुळणी किती आहे ते सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा) काढून तपासा. जुळत नसतील तर आधी त्यांना एकत्र बसवून सराव द्या.

दुसरं उदाहरण विदर्भाच्या जिव्हाळ्याचं आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ला सुरू झालं, पण रात्री दोनला वेदनेने कळवळत कॅज्युअल्टीत आलेल्या पोराला वेदनाशामकाचा पहिला डोस किती वेळाने मिळतो? उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचना ३० मिनिटांत म्हणतात. आपल्याकडचा आकडा काढायला येण्याची वेळ रजिस्टरमध्ये असते, डोसची वेळ ट्रीटमेंट चार्टवर. वेळा लिहिलेल्याच नसतील, तर पहिला निष्कर्ष तोच.

चूक तिसरी: एथिक्स कमिटीकडे शेवटी जाणं

संशोधनाला परवानगी देणाऱ्या या समितीकडून मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही. पेशंटवर काही उपाय करून पाहणारा अभ्यास असेल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८पासून तिथे उशिराची नोंदणी घेत नाहीत. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो.

स्वतःच्याच विद्यार्थिनींना सॅम्पल म्हणून घेणं ही सोयीची आणि फार वाईट सवय आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी असुरक्षित गटात मोडतात, कारण त्यांना 'नाही' म्हणणं कठीण जातं. इंटर्नल मार्क तुमच्या हातात असताना ती कशी नाही म्हणेल? संमती दुसऱ्या कुणाला घेऊ द्या आणि सहभाग नाकारला तरी मार्कांवर परिणाम होणार नाही हे फॉर्मवर लिहा.

संमतिपत्राच्या भाषेत मी स्वतः चुकले आहे. 'यादृच्छिक पद्धतीने विभागणी' असं लिहिलेला फॉर्म मी एका मावशींना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "बाई, मले वाचता येते, पन यातलं काई समजत नाही." त्या फॉर्मवर त्यांची सही मी घेतली नाही. आता मी लिहिते, 'कोणाला कोणती पट्टी लावायची ते चिठ्ठी टाकून ठरवू.' नागपुरात छिंदवाडा, बालाघाटहूनही पेशंट येतात, म्हणून हिंदी फॉर्म सोबत हवाच. भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून उलटं इंग्रजीत करून घ्या, अर्थ कुठे निसटला ते लगेच दिसतं. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्याबरोबर निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. तो साक्षीदार तुमच्या टीममधला नको.

गाडी अडली तर

डेटा गोळा करून झाल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे गेलात तर तो फारसं काही करू शकत नाही. सिनॉप्सिसच्या (अभ्यासाचा आराखडा लिहिण्याच्या) वेळीच जा आणि जाताना एकच प्रमुख मोजमाप ठरवून न्या, त्याशिवाय सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे तो आकडा, निघत नाही.

इन्चार्ज सिस्टर सहकार्य करत नसतील तर बहुधा तुमचा फॉर्म त्यांच्या माणसांचं काम वाढवतो आहे. तीन पानांचा फॉर्म एका पानावर आणा आणि भरायला स्वतः थांबा.

प्रबंधात इतरांच्या लेखनाशी समानता जास्त आली तर शब्द फिरवत बसू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, पण उतारे उचलल्याची खूण साहित्य-आढाव्यात लपत नाही. मूळ लेख वाचून बाजूला ठेवा आणि मग लिहा.

दोन दिवसांत 'स्वीकारलं' असं कळवून पैसे मागणाऱ्या जर्नलला लेख देऊ नका. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का आणि जर्नल पबमेड किंवा डीओएजे या ऑनलाइन सूचींत दिसतं का, ते स्वतः उघडून पाहा. मुखपृष्ठावरच्या दाव्यावर जाऊ नका.

आणि निष्कर्ष आधी वॉर्डात सांगा. माझ्या त्या विद्यार्थिनीने शेवटी चिकटपट्टीचाच विषय घेतला. व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या आठवड्यात तिने दुपारच्या ओव्हरला दहा मिनिटं मागितली आणि एका कागदावर दोन्ही पट्ट्यांचे तास मांडून दाखवले. एका सीनियर सिस्टरने कागद हातात घेऊन विचारलं, "कूलरसमोरच्या बेडचे आणि कोपऱ्यातल्या बेडचे तास वेगळे काढलेस का?" ते काढलेले नव्हते. तिने वहीत लिहून घेतलं.