एका अ‍ॅम्प्लिफायरला चार सोर्स: सिलेक्टर बॉक्स घरीच बनवा

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑक्स इनपुट (बाहेरचं उपकरण जोडायची जागा) एकच, आणि घरात टीव्ही, सीडी प्लेअर, ब्लूटूथ रिसीव्हर, कॅसेट डेक अशी रांग. दर वेळी मागे हात घालून पिना काढल्या-लावल्या की सॉकेट सैल होणारच. बरेच जण यावर वाय-केबलने दोन सोर्स एकत्र जोडतात. तसं अजिबात करू नका. एकाचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरकडे जाण्याऐवजी दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये घुसतो. आवाज पडतो आणि फाटतोही. एका वेळी एकच सोर्स जोडलेला हवा, बाकीचे तुटलेले. सिलेक्टर बॉक्सचं काम तेवढंच.

तयार बॉक्स घेणार असाल तर दुकानातच दोन बटणं एकदम दाबून पाहा. दोन्ही आत अडकून राहिली तर तो बॉक्स घेऊ नका. आणि स्पीकर सिलेक्टर ही वेगळी वस्तू आहे, ती अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये लागते. इथे तिचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर घरीच बनवा, आणि रोटरी स्विच वापरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘तीन पोल चार वे’ असा मागा, म्हणजे एकाच नॉबवर तीन वेगळे स्विच (पोल) आणि प्रत्येकाला चार जागा. त्याशिवाय आरसीए सॉकेटच्या पाच जोड्या, 1 मेगाओहमचे आठ रेझिस्टर, थोडी शील्डेड (तारेच्या जाळीत गुंडाळलेली) वायर आणि पत्र्याचा डबा. प्लास्टिकचा डबा स्वस्त पडतो, पण पत्रा बाहेरची गुणगुण अडवतो.

डाग (सोल्डर) देण्याआधी स्विच तपासा. मल्टीमीटर बीपवर ठेवा, एकाच पोलच्या शेजारच्या दोन पायांना प्रोब लावा आणि नॉब अगदी सावकाश फिरवा. मधेच बीप वाजला तर तो स्विच पुढचा जोडण्याआधी मागचा सोडत नाही, म्हणजे क्षणभर दोन सोर्स एकमेकांना चिकटतात. दुकानदाराकडून बदलून घ्या.

आता जोडणी. एका पोलच्या चार पायांवर चार डाव्या सॉकेटच्या मधल्या पिना, दुसऱ्या पोलवर उजव्या. दोन्ही पोलचे मधले पाय आउटपुट सॉकेटला. पांढरं डावं, लाल उजवं, हे शेवटपर्यंत पाळा. डाग देताना सॉकेटमध्ये एखादी जुनी आरसीए पिन खुपसून ठेवा. प्लास्टिक तापून मऊ झालं तरी मधली पिन वाकडी होत नाही. इनपुटच्या प्रत्येक सॉकेटवर मधली पिन आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये एक रेझिस्टर लावा. बंद असलेल्या सोर्सच्या आउटपुट कपॅसिटरवर साचलेला चार्ज त्यातून उतरतो, आणि नॉब फिरवताना स्पीकरमधून ‘ठप्’ असा आवाज येत नाही.

खरी मेहनत ग्राउंडची, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटेची; ती बाहेरच्या रिंगांमधून जाते. सॉकेट आणि पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घाला, म्हणजे रिंगा डब्याला टेकणार नाहीत. सगळ्या रिंगा तारेने जोडून ती तार आउटपुटच्या रिंगेला आणा आणि डबा तिथेच, एकाच ठिकाणी, जोडा. शील्डेड वायरची जाळीही एकाच टोकाला जोडायची.

बऱ्याच घरांत एवढ्याने काम होतं. पण सीडी ऐकताना गुणगुण येत असेल आणि टीव्हीची पिन काढताच थांबत असेल, तर तो 50 हर्ट्‌झचा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं. बऱ्याचदा केबल किंवा डिशच्या वायरीतून येतो. आपण तीन पोलचा स्विच घेतला तो यासाठी. इनपुटच्या रिंगा सोर्सप्रमाणे वेगळ्या करा, एका सोर्सच्या डाव्या-उजव्या रिंगा एकत्र ठेवा आणि तिसऱ्या पोलवरून आउटपुटला न्या. टीव्ही निवडलेला नसेल तेव्हा त्याचं ग्राउंडही सुटतं. मग मात्र आवाज शून्यावर नेल्याशिवाय नॉब फिरवायचा नाही, कारण ग्राउंड सुटताना मोठा गुरगुराट होतो. टीव्ही ऐकतानाही गुणगुण राहिली तर त्याच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल.

शेवटी मीटरने प्रत्येक जागा तपासा: निवडलेल्या सोर्सची पिन आउटपुटपर्यंत पोहोचते, बाकी तिन्हींची नाही, डावं-उजवं कुठे भिडत नाही. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर ते थेट या बॉक्सला लावू नका. सीडी प्लेअर 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, टर्नटेबलच्या सुईची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम 5 मिलिव्होल्टच्या आसपास. आधी हा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, मग बॉक्स.