रसभरी लावताय? या चुका टाळा

हिवाळा सरता सरता नागपुरात हातगाड्यांवर कागदी टरफलातली रसभरी दिसते, आणि घरी लावायची हौस येते. तिथेच पहिली चूक होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप लावलं तर फुलं धरेपर्यंत पारा चाळिशी ओलांडतो आणि फुलं झडून जातात. बी जूनअखेर पेरा, ऑगस्टमध्ये रोपं हलवा. मग थंडीत फळ धरतं. बी अगदी बारीक असतं, वर मातीचा पातळ थरच पुरे. उगवायला २-३ आठवडे लागू शकतात, उकरून बघू नका.

आपली काळी माती नुसती कुंडीत भरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि मुळं कुजतात. माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. आणि युरियाचा मोह टाळा! मी एका वर्षी दोनदा दिला. झाड कमरेएवढं हिरवंगार झालं, फळं मात्र ओंजळभरसुद्धा मिळाली नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान तोडणीच्या घाईने होतं. टरफल फुगलं म्हणजे फळ तयार झालं, असं नसतं. फळ आत नंतर भरतं. टरफल फाडून बघितलं की किडीला वाटच मिळते. ते गवतासारखं पिवळट आणि सुकं होऊ द्या. पिकलेलं फळ आपोआप गळतं, म्हणून झाडाखाली गोणपाट अंथरा आणि सकाळी वेचा. आत नारिंगी-सोनेरी, किंचित चिकट फळ हवं.

हिरवं फळ मुलांच्या हाती लागू देऊ नका. रसभरी वांगी-टमाटरच्या कुळातली. कच्ची फळं, पानं आणि टरफल विषारी असतात. पावसाळ्यात बांधावर उगवणारी तिची रानटी भावंडंही दिसायला तशीच, ओळख पटल्याशिवाय चाखू नका. वांगी, टमाटर, मिरची काढलेल्या जागेत रसभरीही लावू नका, रोग तेच लागतात.

वेचलेली फळं धुऊन ठेवू नका. टरफलासकट, कोरडी, हवेशीर टोपलीत ती काही आठवडे टिकतात. खाताना सोला, मग धुवा. जॅम करताना मात्र फार आटवू नका. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर, गार झाल्यावर जॅम आणखी घट्ट होतो. थंड बशीवर एक थेंब टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद करा.