तळ्यात चिलापी माजली तर

उजनी धरणाच्या काठी चिलापी (तिलापिया) माशाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. आफ्रिकेतली ही मोझांबिक जात १९५२ साली भारतात आली. हौसेने गळ टाकायच्या तळ्यात ती शिरली, की रोहू-कटल्याला खायला उरत नाही. रोहू साचलेल्या पाण्यात वीणच करत नाही. चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की सुरू!

आधी उन्हाळ्यात काठचं उथळ पाणी बघा. तळाशी ताटलीएवढे खड्डे आणि त्यावर काळा, पांढऱ्या गळ्याचा नर दिसला, की समजा. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून गळा फुगलेली दिसली तर हमखास काढा.

बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, काठालगतच टाका. बोटभर असली तरी परत सोडू नका. इथे दया नको. काढताना पाठीचे काटे मागे दाबून धरा, नाहीतर तळहात सोलवटतो. तळून झकास लागते, हा फायदाच.

मरळ मासळी गळाला लागली तर मात्र परत सोडून द्या, ती चिलापीची पिल्लं फस्त करते. रोहू सोडायचा तर मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) नको, चांगली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणा. आणि जिवंत चिलापी बादलीतून दुसऱ्या तळ्यात अजिबात नेऊ नका.